पाण्यावरचा संसार

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाट उभा राहतो. नीरेचा म्हणा, प्रवरेचा म्हणा. धरणातून निघालेले पाणी उतार धरून चालले आहे, पाटकरी फेरी मारतो आहे, आणि चारीवर आपली पाळी कधी येते म्हणून कोणी शेतकरी रात्रीचा जागत बसला आहे. आपल्या कालव्याचे काम पाणी शेतापर्यंत नेण्याचे. आज मी ज्या कालव्यांविषयी सांगणार आहे त्यांतले पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी उभे असते. ते उसाला जात नाही की गव्हाला जात नाही. त्याच्यावरून नावा जातात. हे कालवे इंग्लंडातले. आणि श्रोतेहो, त्या नावांवरून माणसे नुसता प्रवास करीत नाहीत, त्यांवर राहतात, चूल मांडतात, पोरे वाढवतात. हा संसार कसा चालतो, आणि त्यातल्या पोरांच्या शाळेचे काय झाले, हे आज पाहू.

हे कालवे खोदले ते मुख्यतः कोळशासाठी. मँचेस्टर शहराजवळ वर्स्ली येथे ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या मालकीच्या कोळशाच्या खाणी होत्या. खाण जवळच, पण रस्ते असे की गाडी चिखलात रुतायची. घोड्याच्या पाठीवर गोण्या टाकल्या तर एका खेपेला फार तर सव्वाशे किलो माल जाई. तोच घोडा काठावरून चालत राहिला आणि त्याच्यामागे दोराने नाव बांधली, तर उभ्या पाण्यावरून तो एकटा पंचवीस-तीस टन ओढतो! घोडा तोच, चारा तेवढाच. ड्यूकने हिशेब ओळखला आणि १७६१ साली त्याचा कालवा मँचेस्टरच्या बाजूला चालू झाला. शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

हा कालवा आखणारा जेम्स ब्रिंडली हा मूळचा गिरण्यांची यंत्रे बांधणारा कारागीर. त्याला लिहिणे-वाचणे जेमतेमच येई. मोठा प्रश्न पडला की तो अंथरुणावर जाऊन पडायचा आणि डोक्यातल्या डोक्यात सारा हिशेब जुळवून उठायचा, असे त्याच्याविषयी सांगतात. पुढे चिनी मातीची भांडी करणारे कारखानदार त्याच्यामागे लागले, कारण गाडीरस्त्याने त्यांची भांडी पोचेपर्यंत फुटत. त्यांच्यासाठी ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणारा कालवा निघाला. १७६६ साली काम सुरू झाले, १७७७ साली पुरे झाले. या कालव्यावर ब्रिंडलीने एक गोष्ट ठरवली आणि तिचा परिणाम आजतागायत टिकून आहे. नाव वर चढवायच्या हौदांची रुंदी त्याने सुमारे सात फूट ठेवली. खर्च वाचावा, पाणी वाचावे, हा हेतू. त्यामुळे नावाही सात फुटांच्या आत बसवाव्या लागल्या. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. आपली एस. टी. ची गाडी आहे ना, तिच्याहून ही नाव अरुंद, आणि लांबीला दोन गाड्या पुढेमागे उभ्या कराव्यात एवढी. म्हणून तिचे नावच नॅरोबोट, म्हणजे अरुंद नाव.

आता कोणीही शेतकरी विचारील की, पाणी उभे म्हणता, मग वाटेत टेकडी आली तर काय करता? पाणी काही चढ चढत नाही. खरे आहे. त्यासाठी लॉक असतो. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा. कालव्यात दगडी भिंतींचा एक खोल हौद बांधतात, त्याला पुढे-मागे दारे ठेवतात. खालच्या बाजूने नाव आली, हौदात शिरली, मागची दारे लावली. मग वरच्या दाराजवळची झडप लोखंडी दांड्याने फिरवून उघडायची. वरच्या कालव्याचे पाणी हौदात शिरू लागते आणि त्याच्याबरोबर नावही, माल, चूल, माणसे यांसकट, हळूहळू वर येते. दहा-बारा मिनिटांत हौदातले पाणी आणि वरच्या कालव्यातले पाणी एका पातळीला आले, की दार आपण ढकलून उघडू शकतो. पातळी सारखी होईपर्यंत पैलवान आणला तरी ते दार हलत नाही. प्रत्येक दाराला एक लांब जाड तुळई जोडलेली असते. तिला पाठ लावायची, पाय रोवायचे आणि मागे रेटत जायचे. खालच्या बाजूची दोन दारे मिटताना सरळ रेषेत मिटत नाहीत. त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे निघते, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवून ठेवतो. कोठे इंजिन नाही, वीज नाही. अडीचशे वर्षे हे असेच चालले आहे.

शिक्षकांना हे वर्गात दाखवणे अवघड नाही. पत्र्याचे एखादे लांबट भांडे घ्यावे, त्यात दोन आडवे पडदे मेणाने पक्के बसवावेत, पडद्यांना तळाशी भोके पाडून बुचे लावावीत. तीन खणांत तीन पातळ्यांचे पाणी घालावे आणि मधल्या खणात कागदाची होडी सोडावी. वरचे बूच काढले की होडी चढते, ते लावून खालचे काढले की उतरते. मुले हे विसरणार नाहीत.

एक पायरी चढायला किंवा उतरायला वरच्या कालव्याचे लाख-सव्वा लाख लिटर पाणी खाली जाते. आपल्याकडे टंचाईत गावाला जे टँकर येतात तसे दहा-बारा टँकर. दर नावेमागे एवढे पाणी टेकडीच्या माथ्यावरून निघून जाणार, तर माथ्यावर ते आणायचे कोठून? म्हणून कालव्याच्या माथ्याजवळ तलाव बांधले. स्टॅफर्डशायर परगण्यात असा एक तलाव आहे, रडयार्ड नावाचा. त्या तळ्याकाठी एका तरुणाची आणि तरुणीची ओळख झाली, पुढे लग्न झाले, तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला, आणि १८६५ साली मुंबईत त्यांना जो मुलगा झाला त्याचे नाव त्यांनी त्या तळ्यावरून ठेवले. तोच पुढचा प्रसिद्ध लेखक रडयार्ड किपलिंग. म्हणजे कालव्याला पाणी पुरवणाऱ्या एका तलावाचे नाव असे आपल्या मुंबईत येऊन पोचले! असो. तलाव असले तरी पाऊस लागतोच. २०२५ साली तिकडे वसंत आणि उन्हाळा कोरडा गेला, तेव्हा कित्येक कालव्यांवरची वाहतूक पाण्याअभावी बंद ठेवावी लागली आणि नावा जेथल्या तेथे अडकल्या.

टेकडी फारच मोठी असेल तर बोगदा. लंडन ते बर्मिंगहॅम या मोठ्या कालव्यावर, ग्रँड युनियन त्याचे नाव, ब्लिझवर्थ येथे १८०५ साली खुला झालेला बोगदा आहे. लांबी पावणेतीन किलोमीटरांच्या वर. आत काठची वाट नाही, मग घोडा जाणार कोठून? घोड्याला सोडून टेकडीवरून पलीकडे नेत. इकडे नावेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना फळ्या टाकून दोन माणसे पाठीवर उताणी पडत आणि बोगद्याच्या भिंतीवर पाय देत देत, भिंतीवरून चालावे तशी, भरली नाव पुढे ढकलीत. मिट्ट काळोख, वरून ठिबकणारे पाणी. हेच काम पोटासाठी करणारी माणसे बोगद्याच्या तोंडाशी बसलेली असत. कालव्यावरच्या जुन्या पुलांच्या कोपऱ्यांना आजही खोल खाचा दिसतात. त्या घोड्यांच्या दोरांनी पडल्या आहेत, आपल्या जुन्या विहिरींच्या काठाला पडतात तशा.

सुरुवातीला नावाड्यांची घरे काठावरच्या गावांत होती. पुरुष नावेवर जात, बायकापोरे घरी राहत. १८३० नंतर आगगाडी पसरू लागली आणि मालाचे दर पडले. दर पडले तशी नावाड्याची कमाई आटली. त्याला मिळायचे ते बहुतेक खेपेवर, टनावर. माल नाही, तर पैसे नाहीत. मग घराचे भाडे कशाला भरा, आणि मदतीला गडी तरी कशाला ठेवा? बायको आली तर सुकाणू धरील, पोरगे आले तर घोडा हाकील. अशी हळूहळू घरे सुटली आणि अख्खी कुटुंबे नावेवर आली. पाण्यावरचा संसार हौसेने सुरू झाला नाही, हे ध्यानात असू द्या. चित्रांतल्या रंगीत नावा पाहून ते चटकन लक्षात येत नाही.

नावेचा सारा भाग मालासाठी. कुटुंबाला जागा मागच्या टोकाला, आठ-दहा फूट लांब आणि सात फुटांहून कमी रुंद. आपल्या घराचे दोन खण धरा. एवढ्यात नवरा-बायको आणि चार-पाच लेकरेसुद्धा राहत. पण त्या जागेची मांडणी बघण्यासारखी असे. दारातून उतरताना पायाखाली येते ती पायरी म्हणजे कोळशाची पेटी. डाव्या हाताला लोखंडी शेगडी. तिच्यावर स्वयंपाक, तिच्यावरच ऊब. तिच्यापुढे कपाट, कपाटाचे दार खाली पाडले की तेच जेवणाचे मेज. उजव्या बाजूला बाक. रात्री त्याच्यावर पोरे निजायची. शेवटी आडवा पलंग, तोही दिवसा दुमडून भिंतीत जायचा. एक वस्तू एकाच कामाची असेल तर तिला तेथे जागा मिळत नसे. आणि एवढ्या अडचणीत पितळ लखलखीत, भिंतीला नक्षीच्या बशा टांगलेल्या, खिडकीला विणलेली झालर, दारांवर आणि पाण्याच्या डब्यावर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवलेले. किल्ले का, गुलाब का, याविषयी विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला वाटते, आपल्या बाया शेणाने सारवलेल्या भिंतीवर चार बोटे रांगोळी काढतात, त्याला जे कारण तेच याला.

पिण्याचे पाणी या टपावर ठेवलेल्या रंगीत डब्यात. पाण्यावर राहायचे आणि पाणी भरून आणायचे! कालव्याचे पाणी पिण्याजोगे नव्हते, म्हणून वाटेत नळ दिसेल तेथे डबा भरून घ्यायचा. धुणे काठावर. पहाटे अंधारात निघायचे, रात्री लॉक बंद होईपर्यंत चालायचे. पुढे घोड्याच्या जागी इंजिन आले, तेव्हा एक इंजिनाची नाव आणि तिच्यामागे दुसरी बिनइंजिनाची, अशी जोडी झाली. पन्नास टन माल. पुढच्या नावेवर नवरा, मागच्या नावेच्या सुकाणूवर बायको. एका हाताने सुकाणू, आणि पायाशी शेगडीवर जेवण शिजते आहे. रांगते पोर टपावर बसवायचे आणि त्याच्या कमरेला दोरी बांधून दोरीचे टोक पक्के करायचे, नाहीतर ते पाण्यात जायचे. जरा मोठे झाले की सायकल घेऊन पुढे पळायचे आणि पुढचा लॉक तयार करून ठेवायचा. सात-आठ वर्षांच्या पोरांना हे सारे येत असे. येत नसे ते वाचायला.

आता मी खास शिक्षकांसाठी दोन शब्द बोलतो. आपल्याकडे दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एका कोयत्याला नवरा-बायको दोघे लागतात, मग पोरे मागे ठेवायची कोणाजवळ? ती बरोबर येतात, फडात वाढे गोळा करतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. उन्हाळ्यात गावी परततात तेव्हा वर्गातली मुले पुढे गेलेली असतात. त्यांच्यासाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे झाली. तरी हजेरीपटावर नाव एका गावी आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात, ही अडचण ज्यांनी वर्ग घेतला आहे त्यांना मी सांगायला नको. इंग्लंडातल्या नावाड्यांच्या पोरांची अडचण अगदी हीच होती. फरक इतकाच की त्यांचा हंगाम बारा महिन्यांचा.

त्यांच्यासाठी आवाज उठवला तो जॉर्ज स्मिथ नावाच्या एका गृहस्थाने. त्याने स्वतः लहानपणी वीटभट्टीवर काम केले होते. आधी तो वीटभट्टीवरच्या मुलांसाठी झगडला, मग नावांवरच्या मुलांकडे वळला. त्याच्या खटपटीने १८७७ साली पार्लमेंटाने कायदा केला. नावेची नोंदणी झाली पाहिजे, तिच्यात किती माणसांनी राहावे हे ठरले पाहिजे, तपासनीसाला नाव पाहू दिली पाहिजे. मुलांनी शाळेत गेले पाहिजे, असेही ठरले. कोणत्या शाळेत? जेथे नावेची नोंदणी झाली त्या गावच्या. नाव तर त्या गावी महिनोन्‌महिने फिरकायची नाही. तेव्हा १८८४ साली कायदा सुधारून घेतला, तपासणी वाढवली. कागद सुधारले, मुले पुष्कळशी होती तेथेच राहिली. स्मिथने नावाड्यांची जी वर्णने लिहिली ती मात्र भडक होती. दारूडे, अनाचारी, घाणेरडे, असे शिक्के त्याने सरसकट मारले. पोरांचे भले करायला निघालेल्या माणसाने त्यांच्या आईबापांची अब्रू अशी चव्हाट्यावर आणायला नको होती. काठावरची माणसे आधीच या लोकांना पाण्यावरचे भटके म्हणून दूर ठेवीत, त्यात ही भर.

१९२९ च्या सुमारास हॅरी गॉसलिंग या मजूर पुढाऱ्याने दुसरा उपाय सुचवला. शाळा चालू असताना शाळेच्या वयाच्या मुलांनी नावेवर राहू नये, असाच कायदा करावा. वरवर पाहता गोष्ट चांगली. परंतु मूल काठावर ठेवायचे तर घर पाहिजे, घरात आई पाहिजे, आणि आई काठावर राहिली तर मागच्या नावेचे सुकाणू कोण धरणार? मजुरी होती त्यात एवढे बसत नव्हते. नावाड्यांनाही आपली पोरे तोडून दुसरीकडे ठेवणे नको होते. ते विधेयक संमत झाले नाही. मला हा सगळा प्रश्न येथेच येऊन थांबल्यासारखा वाटतो. मुलाचे हित आणि कुटुंबाची भाकरी एकमेकांसमोर उभी राहिली, आणि भाकरीचा दर वाढवायला कोणी तयार नव्हते.

मग ज्यांना जे सुचले ते त्यांनी केले. पश्चिम लंडनजवळ वेस्ट ड्रेटन येथे १९३० च्या सुमारास एका जुन्या पडावातच शाळा भरू लागली. एल्सडेल असे त्या पडावाचे नाव. पुढे तो साउथॉलजवळ बुल्स ब्रिज येथे नेला. आज साउथॉल आपल्याकडच्या पंजाबी मंडळींमुळे प्रसिद्ध आहे. त्या काळी तेथे नावाडी मालाची वाट पाहत थांबत. थांबले तेवढे दिवस पोरे शाळेत यायची. दोन दिवस, चार दिवस. माल मिळाला की वर्ग निम्मा रिकामा. त्या शाळेतल्या बाईंनी काय शिकवावे आणि कोठून सुरुवात करावी, याचा विचार आपण करून पाहावा. १९५० नंतर बर्मिंगहॅमला नावाड्यांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले, तेव्हा काही मुले सलग शिकली.

ब्लिझवर्थच्या बोगद्याजवळ स्टोक ब्रुअर्न नावाचे खेडे आहे. तेथे सात लॉक ओळीने लागतात, त्यामुळे प्रत्येक नावेला थोडा वेळ थांबावेच लागते. तेथे काठावरच सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिका राहत. जखम असो, बाळंतपण असो, नावाडी त्यांच्या दारी येत. नावाड्याला दवाखान्यात जाऊन रांगेत बसायला सवड नसे, म्हणून दवाखानाच त्याच्या वाटेवर आला होता असे म्हणा. १९५१ साली त्यांना सरकारी पदक मिळाले. १९६२ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा नावाड्यांचे दिवसही संपत आले होते.

कसे संपले ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा शहरातल्या काही तरुण मुलींना शिकवून या नावांवर धाडले होते. त्यांच्या बिल्ल्यावरच्या दोन अक्षरांवरून लोक त्यांना थट्टेने 'आळशी बायका' म्हणत, आणि त्या तर पन्नास टन माल घेऊन लंडन-बर्मिंगहॅम करीत होत्या! युद्धानंतर १९४८ साली बहुतेक कालवे सरकारी झाले. पण माल मोटारलॉऱ्यांकडे वळत होता. १९६२ च्या नाताळात जी थंडी पडली ती मार्चपर्यंत हटली नाही. कालवे गोठले. नावा बर्फात आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या. तोवर गिऱ्हाइके रस्त्याने माल आणायला शिकली. १९६३ साली सरकारी मंडळाने आपल्या बहुतेक नावा बंद केल्या. कोळसा घेऊन लांबचा पल्ला नियमित मारणारी शेवटची खेप १९७० साली साउथॉलच्या एका जॅमच्या कारखान्यात रिकामी झाली. कुटुंबे काठावर उतरली. घर स्थिर झाले, पोरे रोज शाळेत जाऊ लागली. पुष्कळ म्हाताऱ्यांना मात्र चार भिंतींच्या घरात झोप येत नसे.

रिकामे कालवे बुजवून टाकावेत असेच तेव्हा पुष्कळांचे मत होते, आणि काही बुजवलेही. ते वाचले त्याला एक पुस्तक बरेचसे कारण झाले. एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर १९३९ साली आपल्या पत्नीसह क्रेसी नावाच्या नावेवर राहायला गेला आणि त्या प्रवासावर त्याने पुस्तक लिहिले. ते १९४४ साली निघाले, आणि १९४६ साली कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. १९६८ च्या कायद्याने काही कालवे सहलीच्या नावांसाठी राखले. ज्यांना सरकारने सोडून दिले होते त्यांच्यातला गाळ लोकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन उपसला. श्रमदानाचे नाव आपण फार घेतो. केनेट-एव्हन हा कालवा या लोकांनी कित्येक वर्षे खपून १९९० साली पुन्हा जोडून दाखवला. त्याच्यावर डिव्हायझेस गावाजवळ २९ लॉकांचा चढ आहे. तो चढून जायला पाच-सहा तास लागतात.

आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर कालवे आणि नद्या एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. २०१२ पासून ही व्यवस्था आहे. त्यांच्यावर सुमारे ३५ हजार नावा आहेत. पुष्कळशा सुट्टीपुरत्या, पण हजारो माणसे बारा महिने नावेवर राहतात. आता नाव पोलादी, मालाची जागा गेली, सगळीच लांबी घराला. आत शेगडी आहे, न्हाणी आहे, टपावर सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या तावदानी फळ्या. तरी कामे सुटलेली नाहीत. टाकी काठच्या नळावर भरावी लागते, संडासाची पेटी ठरल्या जागी स्वतः नेऊन रिकामी करावी लागते, हिवाळ्यात कोळसा-लाकूड आधीच भरून ठेवावे लागते. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे चांगल्या बैलगाडीहून थोडी जास्त. इतरांच्या बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या मेखा उपटून निघतात. लॉकमध्ये उतरताना नावेचे मागचे टोक वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकले तर पाणी उतरत जाते आणि नाव तोंडावर कलंडते. नावा अशा बुडाल्या आहेत. म्हणून नवशिक्याला पहिली ताकीद तीच देतात.

कोणी हे हौसेने पत्करले आहे, कोणी निवृत्तीनंतर. लंडनमध्ये पुष्कळांनी घरभाडे झेपत नाही म्हणून पत्करले आहे. ज्यांना काठावर कायमची जागा भाड्याने घेता येत नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याची अट लागू होते. एका ठिकाणी १४ दिवसांहून अधिक राहायचे नाही, वाजवी कारण असेल तर गोष्ट वेगळी. पुढे सरकायचे, आणि खरोखर प्रवास करीत राहायचे. चार हात पुढे जाऊन पुन्हा मागे यायचे, हे चालत नाही. २०२४ पासून अशा नावांना परवान्याचे जादा पैसेही पडतात.

घरात शाळेचे मूल असेल तर या अटीचा अर्थ निराळाच होतो. शाळा एका गावी, नाव दर पंधरवड्याला पुढच्या गावी. आजारपण, गोठलेले पाणी, मोडलेले इंजिन ही कारणे सांगता येतात. शाळा हे कारण किती ताणायचे यावर नावेवरची मंडळी आणि न्यास यांचा वाद चालतो. तोवर आईबाप नकाशा घेऊन बसतात, लांबचा पल्ला सुट्टीत मारतात, आणि शाळेच्या दिवसांत नाव अशा ठिकाणी बांधतात की मुलाला सकाळी सायकलवर नेता येईल. सायकल जाते ती काठच्या वाटेने, जिच्यावरून पूर्वी घोडे चालत.